आतला प्राण आणि बाहेरचा वारा

मराठी माणूस वायूविषयी बोलताना प्रसंगानुसार चार वेगळे शब्द वापरतो आणि त्या चार शब्दांतच एका जुन्या तात्त्विक प्रश्नाची मांडणी झालेली आहे. भोवती सर्वत्र पसरलेली, पण स्थिर असताना जाणवतही नाही ती हवा. हीच हवा वाहू लागली की ती वारा होते. नाकातून आत शिरली की श्वास होते. आणि ज्याच्यामुळे श्वास चालतो व जो निघून गेला की देहाला प्रेत म्हणतात, तो प्राण. यांपैकी ‘हवा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला, तर ‘श्वास’ आणि ‘प्राण’ संस्कृतातून जसेच्या तसे आले. संस्कृतातही हीच दुहेरी ओढ दिसते. ‘वायू’ आणि ‘वात’ हे शब्द ‘वा’ म्हणजे वाहणे या धातूपासून बनले, तर ‘अनिल’ आणि ‘प्राण’ यांच्या मुळाशी ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे. पैकी अनिल बाहेर वाहतो आणि प्राण आत राहतो. एकाच धातूचे एक अपत्य घराबाहेर आणि एक घरात असावे, हा भाषेचा योगायोग नसून त्यामागे एक विचार आहे. बाहेर वाहणारे आणि आत चालणारे हे तत्त्व एकच आहे काय, आणि एकच असेल, तर त्याला ‘माझा प्राण’ म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हे दोन प्रश्न भारतीय विचाराने फार लवकर विचारले आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

वायूचे आणखी एक नाव ‘पवन’ आहे आणि ते ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून आले आहे. शुद्ध करणे म्हणजे येथे नेमके काय, हे ज्याने खळे पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. मळणी झाल्यानंतर शेतकरी वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच तिवईवर, उभा राहून मळलेल्या धान्याने भरलेले सूप वर उचलून धरतो आणि ते हळूहळू कलते करतो. जड दाणे सरळ खाली पडून त्यांची रास होते, हलका भुसा वाऱ्याबरोबर चार हात पलीकडे जाऊन पडतो आणि अर्धवट भरलेले, पोचट दाणे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहतात. वारा पडला की उफणणी थांबते आणि माणसे सूप खाली ठेवून वाट पाहत बसतात, कारण दाणा आणि भुसा वेगळा करण्याचे काम हातांचे नसून वाऱ्याचे असते. मळणीयंत्रांमुळे हे दृश्य आता विरळ झाले असले, तरी वायूला ‘पवन’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असेच एखादे खळे असले पाहिजे, असे मानण्यास जागा आहे. न दिसणारी वस्तू दिसणाऱ्या वस्तूंची निवड करते, हा अनुभव तत्त्वज्ञानापेक्षा जुना आहे.

ऋग्वेदात वायू आणि वात ही दोन्ही नावे देवतेची आहेत. सोमरसाचा पहिला घोट वायूचा मानला जातो आणि दहाव्या मंडलातील एका छोट्या सूक्तात वाताकडे औषध आणि दीर्घ आयुष्य मागितले आहे. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या प्राणापासून वायू जन्मला असे सांगितले आहे, म्हणजे आतला आणि बाहेरचा वारा यांचे नाते तेथेच जोडले गेले. परंतु या नात्याचा खरा विचार उपनिषदांनी केला. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जानश्रुती पौत्रायण नावाचा दानशूर राजा गाड्याखाली बसलेल्या रैक्व नावाच्या एका फाटक्या माणसाकडे जातो आणि गाई, रथ व शेवटी आपली मुलगी आणि गावे देऊन त्याच्याकडून ‘संवर्गविद्या’ शिकतो. संवर्ग म्हणजे सर्व काही आपल्यात ओढून घेणारा. रैक्व सांगतो की, अग्नी विझतो तेव्हा तो वायूत जातो, सूर्य आणि चंद्र मावळतात तेव्हा तेही वायूतच जातात, पाणी आटते तेही वायूत; आणि त्याच रीतीने माणूस झोपतो तेव्हा त्याची वाणी, डोळे, कान आणि मन प्राणात जातात. देवांमध्ये वायू संवर्ग आहे आणि इंद्रियांमध्ये प्राण. येथे केवळ उपमा दिलेली नाही. विश्वाची आणि देहाची रचना एकाच सूत्राने चालते, असा हा सिद्धान्त आहे. बृहदारण्यक उपनिषद याच विचाराला एक पाऊल पुढे नेते. वाणी बोलून थकते, डोळे पाहून थकतात, कान ऐकून थकतात, कारण मृत्यू थकव्याचे रूप घेऊन त्यांना गाठतो, पण प्राणाला तो गाठू शकला नाही. म्हणून बाहेर वायू ही कधीही न मावळणारी देवता आणि आत प्राण हे कधीही न थकणारे इंद्रिय, असे ते उपनिषद म्हणते, आणि माणसाने खरे तर एकच व्रत करावे, श्वास घ्यावा आणि सोडावा, असे सुचवते. व्रतांच्या मोठमोठ्या याद्या करणाऱ्या परंपरेच्या मुळाशी इतके साधे व्रत सापडावे, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

त्याच उपनिषदात उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला विचारतो की, हा लोक, परलोक आणि सर्व भूते ज्या सुतात ओवलेली आहेत ते सूत कोणते, आणि याज्ञवल्क्य उत्तर देतो की ते सूत म्हणजे वायू. पुराव्यादाखल तो लोकांच्या बोलण्यातलीच एक गोष्ट पुढे करतो. माणूस मेला की लोक म्हणतात, त्याचे अवयव गळाले. सूत तुटल्यावर माळेचे मणी सुटतात तसे. मराठीत याच्या जवळचा एक वाक्प्रचार आजही जिवंत आहे. अगदी अखेरच्या अवस्थेतल्या माणसाविषयी ‘नाकाशी सूत धरले आहे’ असे म्हणतात. श्वास चालू आहे की थांबला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, छाती हलते आहे की नाही याबद्दल घरच्यांचे एकमत होत नाही, तेव्हा कोणीतरी वातीचे किंवा पदराचे सूत ओढून ते नाकपुडीसमोर धरायचे आणि सगळ्यांनी त्या धाग्याच्या टोकाकडे पाहत राहायचे, अशी ही रीत होती. धागा किंचित लवला, तर माणूस आहे. लवला नाही, तर गेला. याज्ञवल्क्याचे सूत आणि या आजारी खोलीतले सूत यांचा ऐतिहासिक संबंध जोडता येणार नाही, आणि तो जोडण्याची गरजही नाही; परंतु जे दिसत नाही त्याची साक्ष दिसणाऱ्या धाग्याकडून काढायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

न दिसणाऱ्या वस्तूची साक्ष कशी काढावी, हा वैशेषिक दर्शनाचा खास विषय होय. कणादाने मांडलेल्या आणि प्रशस्तपादाने विस्तारलेल्या या दर्शनात वायू हे नऊ द्रव्यांपैकी एक आहे, द्रव्य म्हणजे गुण आणि क्रिया ज्याच्या आश्रयाने राहतात ती वस्तू. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात, जो महाराष्ट्रातील पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, वायूचे लक्षण रूप नसलेला पण स्पर्श असलेला असे केले आहे. वायूचा स्पर्श मुळात उष्णही नाही आणि शीतही नाही. तो गार लागतो ते पाण्याच्या कणांमुळे आणि कढत लागतो ते तेजाच्या कणांमुळे. असा स्पर्श पाण्याचा किंवा अग्नीचा असू शकत नाही. पृथ्वीचा म्हणावा, तर जेथे पृथ्वी आहे तेथे रंगही दिसला पाहिजे, आणि येथे तर काहीच दिसत नाही. म्हणून या स्पर्शाचा आधार असे एक चौथे द्रव्य मानावे लागते. स्पर्शाखेरीज आणखी तीन खुणा दिल्या जातात, पानांची सळसळ, गवताचे किंवा कापसाचे तरंगत राहणे आणि फांद्यांचे हलणे. वायू एकच नसून अनेक आहेत याचा पुरावा तर फारच सूक्ष्म निरीक्षणातून आलेला आहे. वायूचा स्वभाव आडवे वाहण्याचा. मग काडीकचरा कधीकधी सरळ वर का चढतो? समोरासमोरून आलेले दोन सारख्या वेगाचे वारे एकमेकांवर आदळतात आणि दोघांनाही पुढे वाट न मिळाल्यामुळे ते वर उसळतात, म्हणून. चैत्र-वैशाखात माळावर उठणारी वावटळ पाहणाऱ्याला हा युक्तिवाद पुस्तकी वाटणार नाही. वायू अनुमानानेच कळतो की त्वचेला थेट कळतो, यावर पुढे मोठा वाद झाला. डोळ्यांना रूप दिसल्याशिवाय बाह्य द्रव्याचे प्रत्यक्ष ज्ञान होत नाही, हे जुन्या नैयायिकांचे म्हणणे. ‘वारा अंगाला लागला’ असे प्रत्येकजण म्हणतो, ‘वाऱ्याचे अनुमान केले’ असे कोणी म्हणत नाही, हे मीमांसकांचे व काही नव्य नैयायिकांचे म्हणणे. या वादात दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक सरस वाटते, कारण दिसणे म्हणजेच असणे हा डोळ्यांचा अहंकार वायूने मोडून काढला आहे आणि तो तर्काच्या नावाने पुन्हा उभा करण्याचे कारण नाही.

श्वास म्हणजेच आत्मा, ही कल्पना केवळ भारताची नाही. हिब्रूतील ‘रुआह’ आणि अरबीतील ‘रूह’, ग्रीकमधील ‘प्न्यूमा’ आणि लॅटिनमधील ‘स्पिरितुस’ हे सारे शब्द वारा किंवा श्वास या अर्थाशी बांधलेले आहेत. बायबलमधील उत्पत्तीच्या कथेत परमेश्वर मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, तेव्हा माणूस जिवंत होतो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात मिलेटस येथील अनॅक्झिमिनीझ या ग्रीक तत्त्वज्ञाने तर हवा हेच सर्व विश्वाचे मूळ द्रव्य मानले. ती विरळ झाली की अग्नी होते आणि दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती आणि दगड होते, असे त्याचे मत होते. त्यासाठी त्याने दिलेला दाखला कोणीही स्वतःच्या तोंडाने तपासू शकतो, ओठ आवळून फुंकर घातली की हवा गार लागते आणि तोंड उघडे ठेवून श्वास सोडला की ती ऊन लागते. चहा निववणारा आणि थंडीत हात ऊन करणारा माणूस एकाच श्वासाने दोन उलट कामे करतो. त्याने सांगितलेले कारण आज टिकत नाही, पण आपला आत्मा, जो हवाच आहे, आपल्याला जसा एकत्र धरून ठेवतो, तशी हवा सर्व विश्वाला कवेत धरून आहे, हे त्याचे म्हणणे याज्ञवल्क्याच्या सुताशेजारी ठेवण्यासारखे आहे.

तरीही भारतीय विचाराचे मोठेपण श्वासाला आत्मा म्हणण्यात नाही. ते त्या समीकरणाची कठोर परीक्षा घेण्यात आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजेच मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचे संवाद आहेत. त्यात राजवाड्याकडे जाताना राजाचा अनंतकाय नावाचा अधिकारी नागसेनाला विचारतो की, ‘नागसेन’ म्हणतात तो नक्की कोण. आणि आत-बाहेर करणारा हा श्वास, हा जीव, म्हणजेच नागसेन, असे आपले मत तो सांगतो. त्यावर नागसेन विचारतो की, बाहेर गेलेला श्वास परत आला नाही, किंवा आत गेलेला बाहेर पडला नाही, तर माणूस जगेल काय? जगणार नाही, असे उत्तर येते. मग शंख फुंकणारे, बासरी वाजवणारे, शिंग फुंकणारे यांनी सोडलेला श्वास त्यांच्याकडे परत येतो काय? येत नाही. मग ते मरत का नाहीत? अनंतकायाला उत्तर सुचत नाही. नागसेन सांगतो की, श्वासात कोणताही जीव बसलेला नाही. श्वास-उच्छ्वास ही देहाची एक प्रक्रिया आहे. शंखाच्या एका फुंकीतून केलेला हा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे, कारण तो श्वासाची मालकीच मोडून टाकतो: शंखातून बाहेर पडलेला श्वास ज्याचा होता त्याच्याकडे परत येत नाही, पुढचा श्वास नवा असतो, आणि माणूस मात्र तोच राहतो, असे सर्वजण धरून चालतात.

उपनिषदांनीही आपल्या मार्गाने ही मर्यादा ओळखली होती. कोणीही मर्त्य केवळ प्राणाने किंवा अपानाने जगत नाही, ज्याच्यावर हे दोन्ही अवलंबून आहेत अशा दुसऱ्याच कोणामुळे जगतो, असे कठोपनिषद सांगते. आणि वायूला विश्वाचे सूत म्हणणारा याज्ञवल्क्य त्याच संभाषणात पुढे म्हणतो की, वायूच्या आत राहून वायूचे नियमन करणारा, पण ज्याला वायू जाणत नाही असा अंतर्यामी वेगळा आहे. केनोपनिषदात तर यक्षाने समोर ठेवलेली गवताची एक काडी वायूला हलवता येत नाही. बौद्धांनी श्वासातून आत्मा काढून टाकला आणि वेदान्त्यांनी तो श्वासाच्या पलीकडे नेला. दोघांचे निष्कर्ष एकमेकांना छेद देणारे आहेत, पण श्वास म्हणजे ‘मी’ नव्हे, या एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे.

या मतभेदाचा परिणाम साधनेवरही झाला. पतंजलीच्या योगसूत्रांत प्राणायाम म्हणजे श्वास-प्रश्वासांची गती तोडणे, ती रोखून धरणे; हठयोगाने त्यातून एक मोठे शास्त्र उभारले, कारण वारा हलता राहिला की चित्त हलते आणि तो स्थिर झाला की चित्तही स्थिरावते, अशी त्याची धारणा होती. निवृत्तिनाथांकरवी ज्ञानेश्वरांपर्यंत आलेली नाथपरंपरा याच वाटेची, आणि १२९० च्या ज्ञानेश्वरीतील सहाव्या अध्यायात कुंडलिनी आणि प्राण यांचे जे तपशीलवार वर्णन येते त्याची मुळे या परंपरेत आहेत. नाथग्रंथांत ‘अजपाजप’ सांगितला आहे, म्हणजे न जपता होणारा जप. प्रत्येक श्वास आत येताना आणि बाहेर जाताना आपोआप ‘हंस’ किंवा ‘सोऽहम्’ असा उच्चार होतो आणि असे एका दिवसरात्रीत २१,६०० जप होतात. ही संख्या मनाची नाही. भारतीय ज्योतिषात ‘प्राण’ हे कालमापनाचे एकक आहे; सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटका आणि साठ घटकांचे अहोरात्र, म्हणजे दिवसाचे २१,६०० प्राण, प्रत्येक प्राण चार सेकंदांचा. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कलाही २१,६०० च होतात, आणि एका प्राणात एक कला एवढे भ्रमण होते, असे आर्यभटाने ४९९ मध्ये लिहिले. ते भ्रमण पृथ्वीचे की नक्षत्रचक्राचे, यावर पाठभेद आणि वाद आहेत. मिनिटाला पंधरा श्वास हा हिशोब आजच्या वैद्यकाने सांगितलेल्या बारा ते वीस श्वासांच्या मर्यादेत नेमका बसतो. माणसाचा एक श्वास आणि आकाशाचे एक पाऊल यांचे माप एकच धरणाऱ्या या गणितात संवर्गविद्याच वेगळ्या वेषात आलेली आहे. याउलट बुद्धाने सांगितलेल्या आनापानसतीत श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही, मोजायचाही नाही, लांब असेल तर लांब आणि आखूड असेल तर आखूड असे केवळ जाणायचे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस साधक नाकपुड्यांखालच्या एवढ्याशा जागेवर येणारा-जाणारा श्वास पाहत बसतात. एक मार्ग श्वासाला शिस्त लावतो, दुसरा श्वासाकडून शिकतो. श्वास ‘माझा’ नाही हे ज्याला पटवून घ्यायचे आहे, त्याला दुसरा मार्ग अधिक जवळचा आहे.

मराठी भक्तिविचाराने वायूला दारातच उभे केले. गावाच्या वेशीवरचा मारुती हा वायूचा पुत्र. रामदासांनी साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या पट्ट्यात स्थापन केलेले अकरा मारुती प्रसिद्ध आहेत, आणि दासबोधाच्या सोळाव्या दशकात पृथ्वी, आप व अग्नी यांच्या मागोमाग ‘वायुस्तवन’ नावाचा स्वतंत्र समास येतो, ज्यात श्वासोच्छ्वासापासून शरीराच्या चलनवलनापर्यंत आणि विद्याभ्यासापर्यंत सर्व काही वायूवर सोपवलेले आहे. विद्याभ्यास वायूवर कसा, हा प्रश्न उच्चारशास्त्राकडे पाहिले की सुटतो. शाळेत शिकवले जाणारे ‘अल्पप्राण’ आणि ‘महाप्राण’ हे शब्द श्वासाच्या मात्रेचे आहेत. तळहात तोंडासमोर धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हटले, तर ‘ख’ म्हणताना हाताला लागणारा झोत हा त्या अक्षराचा महाप्राण होय. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात ‘नाद’ या शब्दाची फोडच ‘न’ म्हणजे प्राण आणि ‘द’ म्हणजे अग्नी अशी दिली आहे. म्हणजे गाणे, बोलणे, मंत्र म्हणणे आणि वाद घालणे, प्राणाविरुद्ध वाद घालणेसुद्धा, सोडलेल्या श्वासावरच चालते.

अठराव्या शतकात हवा हे मूळ द्रव्य राहिले नाही. प्रीस्टली, शील आणि लाव्हाझिए यांच्या प्रयोगांतून ती अनेक वायूंचे मिश्रण असल्याचे ठरले, आणि कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम एक टक्का अरगॉन असतो हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यामुळे जुना प्रश्न निकालात निघाला असे समजणे मात्र घाईचे होईल. १७७१ मध्ये प्रीस्टलीने मेणबत्तीने ‘बिघडवलेल्या’ हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, तेव्हा काही दिवसांनी तीच हवा पुन्हा मेणबत्ती जळू देण्याजोगी झाली. प्राण्याने टाकलेले वनस्पती घेते आणि वनस्पतीने टाकलेले प्राणी घेतो, हा व्यवहार तेथून उलगडत गेला. १८९४ मध्ये सापडलेला अरगॉन याहून बोलका आहे. तो सहसा कशाशीही संयोग पावत नाही, शरीर त्याचे काहीही करत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर तो आत जातो आणि तसाच बाहेर पडून वाऱ्याबरोबर जगभर मिसळतो. प्रौढ माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत-बाहेर करतो, आणि त्या हवेतला अरगॉन त्याच्या आधी असंख्य प्राण्यांच्या छातीतून फिरून आलेला असतो. ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ हा भेद वायूच्या बाबतीत काही सेकंदांपुरताच खरा आहे.

जे सर्वांमधून फिरते ते बिघडले तर सर्वांचेच बिघडते, हे चरकसंहितेने स्पष्ट शब्दांत मांडले. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, गंगेच्या काठी कांपिल्य नगरात, अग्निवेश आपला गुरू पुनर्वसू आत्रेय याला विचारतो की, माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ आणि वय वेगळे, मग एकाच रोगाने एकाच वेळी सगळा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेय उत्तर देतो की, या सर्व गोष्टी वेगळ्या असल्या तरी चार गोष्टी सर्वांच्या समाईक असतात, वायू, पाणी, देश आणि काळ. त्यांत पहिला वायू. आणि हे चार बिघडण्याचे मूळ तो अधर्मात शोधतो. देशाचे, नगराचे आणि व्यापारी संघांचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले की त्यांच्या आश्रयाने राहणारे लोक तो अधर्म वाढवतात, अशी साखळी तो दाखवतो. बिघडलेल्या हवेची जबाबदारी वाऱ्यावर न टाकता सत्ता आणि व्यापार यांच्या दारात नेऊन ठेवणारे हे निदान आजच्या वैद्यकाच्या भाषेत बसत नसेल, परंतु त्याची दिशा अचूक आहे.

या चार समाईक गोष्टींचे आपल्या समाजाने पुढे काय केले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाणी अडवले गेले; महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. जमीन वाटली गेली आणि गावकुसाबाहेरची जागा ठरवून दिली गेली. वारा अडवता येत नव्हता, म्हणून माणसाचे तोंड अडवले. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांना थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या लिखित भाषणात नोंदवले आहे. याच भूमीत जैन साधू तोंडावर मुहपत्ती धरतात, ती मात्र अगदी उलट भावनेने. हवा हीच वायुकायिक जीवांचे शरीर आहे, बोलताना सुटणाऱ्या श्वासाने त्यांना इजा होऊ नये, म्हणून. एक आवरण हवेतल्या न दिसणाऱ्या जीवांना जपण्यासाठी स्वतःहून घेतलेले, दुसरे समोर दिसणाऱ्या माणसाला हीन ठरवण्यासाठी त्याच्यावर लादलेले. सर्व भूते एका सुतात ओवलेली आहेत असे म्हणणारी विद्या ज्यांनी मुखोद्गत केली, त्यांच्याच व्यवस्थेत हे मडके होते, ही गोष्ट त्या विद्येच्या कोणत्याही गौरवातून वगळता येणार नाही.

आधुनिक भारताने १९८१ मध्ये वायुप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात, प्रदूषणमुक्त पाणी व हवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे प्राणाचा विचार अखेर कायद्याच्या भाषेत आला. तरीही धुराड्याखाली कोण राहतो आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला कोण राहतो, हे बहुधा पैसाच ठरवतो, आणि पहाटे प्राणायाम करून दिवसभर त्या धुराड्याविषयी मौन बाळगणाऱ्याने प्राण आणि वायू एक आहेत हे मानलेले नाही, असेच म्हणावे लागते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताविषयी ऋषींची एक सभा भरलेली आहे. तेथे वार्योविद नावाचा राजर्षी शरीरातल्या वायूबरोबरच बाहेरच्या वायूचेही वर्णन करतो, तो ढग कसे सोडतो, झाडे कशी उपटतो, समुद्र कसे खवळवतो, आणि त्यावर मरीची विचारतो की, हे सारे खरे असले तरी वैद्यशास्त्रात त्याचा उपयोग काय? वार्योविद उत्तर देतो की, अतिबलवान, अतिकठोर आणि अतिशीघ्र असा हा वायू ज्या वैद्याने समजून घेतला नाही, तो लोकांना संकटापूर्वी सावध कसा करणार? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत राहिला आणि वाऱ्याने त्याला कारखान्याशेजारच्या गरीब वस्त्यांत नेले. माणसे झोपेतून उठून धावत सुटली आणि धावल्यामुळे त्यांचा श्वास वाढला. नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढी सूचना त्या वस्त्यांना कोणीही आधी दिलेली नव्हती.